मुलांनी काय शिकायचे, हे ठरवायचे कोणी?

प्रश्न : माझी मुलगी कामठी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. परवाच्या सभेत वाद झाला. सर म्हणाले, मुलांनी काय शिकायचे ते वरून ठरून येते, आपल्या हातात काही नाही. दोन-तीन पालक म्हणाले, आमच्या पोरांना नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचे ध्येय द्या, बाकीचे राहू द्या. माझ्या भावाचा मुलगा नागपुरात इंग्रजी शाळेत आहे, तिथे म्हणे मुलेच आपले ध्येय वहीत लिहितात. मॅडम, नेमके ठरवायचे कोणी?

उत्तर :

ताई, तुमच्या सभेत सर वर्षाच्या शेवटाबद्दल बोलत होते, पालक एका परीक्षेबद्दल, आणि तुमचा भाचा वहीत लिहितो ते या आठवड्याबद्दल. तिघांची गाडी वेगवेगळ्या फलाटावर उभी, मग वाद मिटणार कसा?

माझे मत आधीच सांगून टाकते. मुलाची वही पाहून जो पुढच्या सोमवारी ते ध्येय बदलू शकतो, त्याने ते ठरवावे. म्हणजे बहुतेक वेळा वर्गशिक्षकाने, मुलाला सोबत घेऊन. शासनाने खालची मर्यादा आखून द्यावी आणि तिथे थांबावे. पालकांनी विचारावे, खोदून खोदून विचारावे, पण मार्कांचा आकडा ठरवून देऊ नये. मी आधी वर्गावर होते, आता केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, शाळा पाहते. दोन्हीकडून पाहिल्यावर माझे हे मत पक्के झाले आहे. का, ते सांगते. थोडे लांबेल.

सरांपासून सुरू करू. वरून ठरून येते हे खरेच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 प्रमाणे अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत ठरवण्याचे काम शासनाने नेमलेल्या शैक्षणिक प्राधिकरणाचे. आपल्याकडे ते पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद पाहते. 2017 मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती केली आणि इयत्तावार, विषयवार अध्ययन निष्पत्ती आल्या, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय काय यायला हवे याची यादी. बालभारतीच्या पुस्तकांत त्या सुरुवातीच्या पानांवर छापलेल्या असतात. मुलीचे गणिताचे पुस्तक काढा, मुखपृष्ठानंतरची चार पाने उलटा, सापडतील. बहुतेक पालक ती पाने उघडतच नाहीत. आणि खरे सांगायचे तर आमच्यातलेही बरेच जण टाचणात, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीत, उतरवून घेण्यापुरतेच तिकडे पाहतात.

पण त्याच कायद्याचे कलम 24 सर विसरले. त्यात शिक्षकाची कर्तव्ये आहेत. ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करायचा, हे एक. त्याच्याच खाली, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवायचे, हे दुसरे. ही दोन कलमे एकाखाली एक लिहिणाऱ्याने चाळीस पोरांचा वर्ग कधी सांभाळला नसावा! अभ्यासक्रम पुरा करायचा तर वर्ग पुढे न्यावा लागतो, आणि एकेक मूल जोखायचे तर काहींसाठी थांबावे लागते. ही ओढाताण ज्याच्या अंगावर येते, तोच ध्येय ठरवत असतो, त्याला ते कबूल असो वा नसो. कोणासाठी थांबायचे आणि कोणाला मागे ठेवून पुढचा धडा काढायचा, हे सर रोज फळ्यापाशी उभे राहून ठरवतात. ते कुठे लिहिलेले नसते एवढेच, आणि म्हणूनच ‘माझ्या हातात काही नाही’ असे म्हणता येते.

मी नोकरीला लागले तेव्हा किमान अध्ययन क्षमतांचा जमाना होता. देशपातळीवर दवे समितीने त्या मांडल्या होत्या, आणि आपल्या राज्याचा 1995 चा प्राथमिक अभ्यासक्रम त्यावरच उभा होता. क्षमतांना क्रमांक असत. शिक्षक एकमेकांशी क्षमता नाही, क्रमांक बोलत. पुढे 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी करा असे सांगण्यात आले, आणि थोड्याच दिवसांत सीताबर्डीच्या पुस्तकांच्या दुकानांत तयार नोंदींच्या पुस्तिका दिसू लागल्या. ‘स्वतःहून प्रश्न विचारतो’, ‘मित्रांना मदत करतो’. अख्ख्या वर्गाला पुरतील एवढी वाक्ये एका पुस्तिकेत. मग 2017 च्या निष्पत्ती, मग 2021 मध्ये लहान वर्गांतले वाचन आणि गणित पक्के करण्याचे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान. प्रत्येक वेळी हेतू चांगलाच होता. पण प्रत्येक वेळी ध्येय वरून खाली आले आणि खालून वर फक्त आकडे गेले.

निपुणचेच उदाहरण घ्या, कारण तुमची मुलगी तिसरीत असताना तिला ते लागू होते. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत, 9999 पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात, असे ते लक्ष्य आहे. आकडा ऐकायला सरळ वाटतो. पण आता हिंदी पुस्तकातले ‘घर के सामने वाले पेड़ के नीचे’ मोजा. सात शब्द. तेच मराठीत ‘घरासमोरच्या झाडाखाली’, दोन शब्द. आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटतात, शब्द लांब होतात. मग मराठी वाचणाऱ्या पोराचे 60 आणि हिंदी वाचणाऱ्याचे 60 सारखे कसे धरायचे? दिल्लीतल्या लोकांच्याही हे लक्षात आले. 2022 मध्ये एनसीईआरटीने 20 भाषांत पायाभूत अध्ययनाचा अभ्यास केला आणि वाचनवेगाचे मापदंड भाषेप्रमाणे वेगवेगळे ठेवले. चांगली दुरुस्ती होती. पण शाळेच्या भिंतीवर रंगवलेला 60 हा आकडा काही पुसला गेला नाही. भिंतीवरचे ध्येय बदलायला रंगारी लागतो; वहीतले बदलायला पेन्सिल पुरते.

अंतर जितके जास्त तितके ध्येय आंधळे होते, हे आपल्याला विदर्भात वेगळे सांगायला नको. 2025 मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने एप्रिलच्या चौथ्या आठवड्यापर्यंत ठेवल्या. वर्षाचा शेवट वाया जाऊ नये, मुले एप्रिलमध्येही शिकत राहावीत, हा विचार पुण्यात बसून पटण्यासारखाच आहे. नागपुरात एप्रिलअखेरीस काय ऊन असते आणि पत्र्याच्या वर्गखोलीत दुपारी अकरानंतर पोराचे डोके किती चालते, हे इथल्या कोणत्याही मदतनीस बाईने सांगितले असते. त्याच वर्षी पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये बदलला, आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. आता नागपूरच्या पोराला हिंदी यायला शाळेची गरज नाही, ती त्याला इतवारीच्या बाजारात आणि गल्लीतल्या क्रिकेटमध्ये आपोआप येते. तरी सहा वर्षांच्या मुलाच्या तासिकांत तिसरी भाषा कुठे बसवायची, हा प्रश्न पहिलीच्या बाईंनाच पडला होता, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

म्हणून वरचे सगळे गुंडाळून ठेवावे का? नाही. आणि इथे मी आमच्याच लोकांविरुद्ध बोलणार आहे.

ध्येय ठरवणे पूर्णपणे शिक्षकावर सोडले तर काय होते ते मी शाळाभेटीत ऐकते. “मॅडम, या पोट्ट्यांच्या घरी कोणी शिकलेलं नाही, यांच्याकडून काय होणार?” हे वाक्य कधी कंटाळ्याने येते, कधी चक्क मायेने येते. मायेने आलेले जास्त वाईट, कारण त्यावर भांडताही येत नाही. अशा वर्गात चौथीच्या पोराला वर्षभर दुसरीची बेरीज मिळते आणि सगळे समाधानी असतात. मूलही, कारण त्याची प्रत्येक बेरीज बरोबर येते. शासनाने आखलेली खालची मर्यादा इथे कामी येते. ती सांगते की हे मूल कोणाच्याही घरी जन्मलेले असो, चौथीच्या शेवटी त्याला एवढे यायलाच पाहिजे, आणि नसेल येत तर उत्तर शाळेने द्यायचे आहे.

ही मागणी जुनी आहे. 1882 मध्ये महात्मा फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा ही मागणी तर होतीच, पण काय शिकवायचे तेही होते : मोडी आणि बालबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य. खेड्यातल्या शाळेत विषय शहरापेक्षा थोडे कमी असले तरी चालतील, पण व्यवहारात उपयोगी पडण्यात ते उणे नसावेत, असे त्यांनी मांडले. गावातल्या प्रतिष्ठितांवर सोडले असते तर शेतकऱ्याच्या मुलाला काय शिकवले गेले असते, हे त्यांना नेमके माहीत होते. मर्यादा वरूनच यावी लागते, कारण खाली सगळे सारखे नसतात.

आपल्या शेजारी वर्ध्याला 1937 मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. त्या योजनेत मुलाच्या हातातले काम मध्यभागी होते. साडेपाच तासांच्या शाळेत 3 तास 20 मिनिटे सूतकताईसारख्या हस्तोद्योगाला. तरीही झाकीर हुसेन समितीने बसून सात वर्षांचा अभ्यासक्रम आखलाच. एवढ्या मुलाभिमुख योजनेलाही खालची मर्यादा कागदावर आखावी लागली. फरक असा की सूत किती निघाले, कुठे तुटले, हे त्या मुलाला स्वतःलाच दिसत होते. कसे चालले आहे हे कळायला त्याला साहेबाच्या भेटीची वाट पाहावी लागत नव्हती.

आता मुख्य गोष्टीकडे येते. वर्षाचे ध्येय शासनाने सांगितले, ठीक. पण त्याखाली प्रत्येक मुलाची पुढची पायरी कोणती, हे शिक्षकाशिवाय कोणालाच का ठरवता येत नाही?

एक साधे गणित घ्या. 52 वजा 37. हातच्याची वजाबाकी, दुसरी-तिसरीत येते. वर्गाच्या वह्या गोळा केल्या की हमखास काही मुलांचे उत्तर 25 असते. लाल फुली मारली, शून्य गुण, गुण ऑनलाइन भरले, काम संपले. पण दोन मुलांना जवळ बसवून विचारा, “कसं केलंस बाळा, सांग बरं.” पहिला सांगतो, “सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन.” त्याला कोणीतरी कधीतरी सांगितले आहे की नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे, आणि त्याने ते प्रामाणिकपणे पाळले आहे. वरचा आकडा कोणता, खालचा कोणता, हे त्याच्यासाठी गौण. दुसरी सांगते, “दोनातून सात जात नाही, दशक सुटा केला, बारातून सात गेले पाच.” अगदी बरोबर. पुढे म्हणते, “पाचातून तीन गेले दोन.” दशक सुटा केला, पण पाचाचे चार करायला विसरली.

दोघांचे उत्तर 25. दोघांना शून्य. पण पहिल्याला वजाबाकी म्हणजे काय हेच अजून नीट कळलेले नाही. त्याला काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या द्यायला हव्यात, पाच गठ्ठे आणि दोन काड्या समोर ठेवून “यातून सात सुट्या दे” म्हणायला हवे, म्हणजे गठ्ठा सोडल्याशिवाय देता येत नाही हे त्याच्या हाताला कळेल. त्याला दोन-तीन आठवडे लागतील. दुसरीला सगळे कळलेले आहे, तिला फक्त पाच खोडून वर चार लिहिण्याची सवय हवी. तिचे काम दोन दिवसांचे. आणि त्याच वर्गात तिसरे एक मूल असते, ज्याचे उत्तर 15, म्हणजे बरोबर. वहीच्या कोपऱ्यात बावन्न रेघोट्या मारलेल्या असतात, त्यातल्या सदतीस खोडलेल्या. त्याला पूर्ण गुण मिळतात आणि तीन अंकी वजाबाकी आली की ते बसते, कारण पाचशे रेघोट्या मारायला कागद पुरत नाही. खरे तर त्या तिघांत सर्वात आधी लक्ष द्यायला हवे ते याच्याकडे.

अध्ययन निष्पत्ती तिघांची एकच. पुढची पायरी तिघांची वेगळी. ही माहिती पुण्याला नाही, जिल्हा परिषदेत नाही, माझ्या केंद्राच्या तक्त्यातही नाही. ती त्या वहीत आणि त्या मुलाच्या तोंडात आहे. म्हणून म्हणते, जो तिथे बसतो त्यानेच ठरवावे. वर्षाच्या सुरुवातीला जी पायाभूत चाचणी होते तिचा उपयोगही असा वही उघडून बसायलाच व्हायला हवा. बहुतेक ठिकाणी तिचे गुण भरून झाले की पेपर बांधून कपाटात जातात.

शिक्षक म्हणतील, चाळीस मुलांसाठी चाळीस ध्येये कशी ठेवू? तशी गरज नसते. अडचणींचे प्रकार चार-पाचच निघतात. भाषेत जोडाक्षरावर अडणारी, वेगाने वाचून अर्थ न लागणारी, वाचता येते पण दोन ओळी स्वतःच्या लिहिता न येणारी, असे गट पडतात. दोन शिक्षकी शाळेत तर हे जास्त सोपे, कारण तिथे इयत्ता तशाही एकत्र बसतात. तिसरीची मुलगी चौथीच्या गटात वाचनाला बसली तर कोणाचे बिघडत नाही, चौथीचा मुलगा गठ्ठ्यांसाठी दुसरीच्या गटात बसला तर थोडे बिघडते, त्याला लाजल्यासारखे होते. म्हणून गटांना इयत्तेची नावे देऊ नयेत.

काही मुलांसाठी मात्र वेगळे ध्येय लागतेच. तुमच्या तालुक्यात वीटभट्ट्या आहेत. दिवाळीनंतर छत्तीसगडकडची कुटुंबे येतात, पावसाआधी परत जातात. ते पोर घरी छत्तीसगडी बोलते, तिकडे हिंदी पुस्तक, इकडे मराठी. वर्षअखेरची निष्पत्ती त्याला लावायची म्हणजे काय लावायचे? त्याच्यासाठी शिक्षकाला कॅलेंडर समोर ठेवून ठरवावे लागते : हे मूल साधारण मेपर्यंत आपल्याकडे आहे, तेवढ्यात त्याला त्याच्याच पुस्तकातून वाचता यावे आणि पैशांचा हिशेब करता यावा, आणि जाताना, स्थलांतर करणाऱ्या मुलाला पुढच्या शाळेसाठी जे शिक्षण हमी पत्रक देतात त्यासोबत, पुढच्या शिक्षकासाठी दोन ओळी की कुठवर आले आहे. या दोन ओळी मी फार थोड्या ठिकाणी पाहिल्या, पण जिथे पाहिल्या तिथे शिक्षकाला ध्येय म्हणजे काय ते कळलेले होते. दिव्यांग मुलांसाठी वैयक्तिक आराखडा करायची पद्धत आहेच. विशेष शिक्षक, वर्गशिक्षक आणि आई-वडील एकत्र बसून तो करतात, निदान करायला हवा. ज्या शाळांत तो मनापासून होतो तिथल्या बाकीच्या मुलांचेही भले होते, कारण शिक्षकाला एकेका मुलाकडे पाहण्याची सवय लागते.

आता तुमच्या भाच्याच्या वहीबद्दल. मुलांनी स्वतः ध्येय लिहिणे ही कल्पना चांगली आहे आणि तिला आधारही आहे. अमेरिकेत डेल शंक या संशोधकाने 1985 मध्ये शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांवर वजाबाकीचाच अभ्यास केला. काहींनी आपले ध्येय स्वतः ठरवले, काहींना तेच ठरवून दिले, काहींना ध्येयच नव्हते. ज्यांनी स्वतः ठरवले त्यांचा ‘मला जमेल’ हा विश्वास वाढला आणि वजाबाकीही सुधारली, ठरवून दिलेल्यांपेक्षा जास्त. लक्षात घ्या, वजाबाकी शिकायची की नाही हे त्या मुलांवर सोडलेले नव्हते. आज यातले किती करायचे, एवढेच त्यांच्या हातात होते.

लहान मुलाला मोकळे सोडले तर ते काय लिहिते ते सांगू? ‘मी पहिला नंबर आणीन.’ ‘मी रोज शाळेत येईन.’ ‘मी शहाण्यासारखी वागेन.’ मोठ्यांना जे ऐकायला आवडते ते. पालकसभेला भिंतीवर लावायला ही वाक्ये छान दिसतात, शिकायला काही कामाची नाहीत, कारण ती पूर्ण झाली की नाही हे मुलाला स्वतःला पडताळता येत नाही. तिसरी-चौथीपासून मुलांना हे शिकवावे लागते. मी वर्गावर असताना शुक्रवारी शेवटच्या तासाला वही उघडून दोनच गोष्टी विचारायची : या आठवड्यात कुठे अडलास, आणि पुढच्या शुक्रवारी मला काय करून दाखवशील? ‘करून दाखवशील’ म्हटले की पोरे विचार करतात. एका मुलाने सांगितले होते, एसटीच्या पाटीवरचे गाव गाडी थांबायच्या आत वाचून दाखवीन. निष्पत्तींच्या यादीत हे नाही, पण मिनिटाला 60 शब्दांपेक्षा त्याला ते जास्त कळत होते, आणि माझे कामही त्यातच होत होते. मुलाला निवड द्यायची ती अशी, मी आखलेल्या आवारात. पहिली-दुसरीत तर एवढीही नको. तिथे “हे पुस्तक वाचू की ते?” एवढी निवड भरपूर झाली.

मोठ्या वर्गात, सातवी-आठवीनंतर, हे प्रमाण उलटत गेले पाहिजे. तिथे आपल्याकडे नेमके उलटे होते. चौथीतल्या मुलाला ‘तुझे स्वप्न लिही’ म्हणतात आणि आठवीत आले की धंतोलीतल्या एखाद्या क्लासच्या फाउंडेशन बॅचमध्ये टाकून देतात. ज्या वयात मूल खरोखर ठरवू शकते त्या वयात त्याला कोणी विचारत नाही.

राहिले नवोदयवाले पालक. त्यांच्यावर हसू नका. त्यांना आपल्या पोराचे भले हवे आहे आणि समोर दिसणारी पायरी तीच आहे. पण त्यांना दोन गोष्टी सांगा. नवेगाव खैरीच्या आपल्या जिल्ह्याच्या नवोदयात सहावीला जागा 80. त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांना आहेत हे चांगलेच, पण तुमच्या पोराला जागा मिळेल की नाही हे इतरांच्या गुणांवर ठरते. जे दुसऱ्याच्या गुणांवर अवलंबून आहे ते पोराच्या हातातले ध्येय होऊ शकत नाही, ती एक संधी आहे. दुसरे, ती परीक्षा 100 गुणांची : 50 मानसिक क्षमतेला, 25 अंकगणिताला, 25 भाषेला, म्हणजे उतारे वाचून उत्तरे देण्याला. चौथीत जे पोर अजून जोडाक्षरावर अडखळते, त्याला आकृत्यांचे सराव संच घरी आणून दिले तर निम्मा पेपर तसाच राहतो. त्याच्यासाठी नवोदयची वाट आणि सरांची पुढची पायरी सध्या एकच आहे : वाचन.

आणि पालकांना जे माहीत असते ते आम्हाला नसते. आठवडी बाजारात आईसोबत भाजी विकणारी मुलगी पावशेराचा भाव तोंडी काढते, वर्गात तिच्याच भागाकाराला फुली असते. हे आईने सभेत सांगितले तर शिक्षकाची पुढची पायरी बदलू शकते. मुलाची हजेरी, क्षमता आणि प्रगती पालकांना नियमित सभेत सांगणे हे कलम 24 मध्येच शिक्षकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. तेव्हा विचारण्यात संकोच नको. पाचवी आणि आठवीला 2023-24 पासून आपल्या राज्यात वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास पुनर्परीक्षा, आणि तरीही न जमल्यास त्याच वर्गात, असा नियम आला आहे. तुमची मुलगी पुढच्या वर्षी पाचवीत जाईल. त्यामुळे आता विचारणे जास्तच गरजेचे.

समिती म्हणून तुम्ही काय करू शकता? कायद्याने समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि शाळा विकास आराखडा करणे हे तुमचे काम आहे. अभ्यासक्रम ठरवणे हे तुमचे काम नाही आणि ते हातात घेऊही नका. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर एकच विषय ठेवा. सरांना आधी निरोप द्या, म्हणजे त्यांना चौकशी वाटणार नाही. त्यांना म्हणा, चौथीच्या गणिताच्या आणि मराठीच्या निष्पत्तींपैकी वर्गाला कोणत्या जड जातात त्या दोन सांगा, आणि त्यासाठी वर्गात सध्या कोणते गट आहेत आणि प्रत्येक गटाची पुढची पायरी काय आहे ते सांगा. सभेत एकाही मुलाचे नाव घेऊ देऊ नका. कोणाचे पोर कोणत्या गटात, हे ज्याचे त्याला, वही दाखवून, सभेनंतर. महिन्याने पुन्हा एवढेच विचारा : त्यातली कोणती पायरी बदलली? सरांनी दर महिन्याला तेच उत्तर दिले तर समजा की पायरी ठरवलेली नाही, लिहून ठेवलेली आहे. आणि सर म्हणाले की वेळ नाही, तर ते ऐका. ऑनलाइन माहिती भरण्यात त्यांचे किती तास जातात ते विचारा, आणि तेही इतिवृत्तात लिहा. समितीच्या सह्यांचे इतिवृत्त माझ्यासारखीला वर पाठवता येते, एकट्या शिक्षकाची तक्रार तेवढी चालत नाही.

नवोदयचा अर्ज पाचवीत गेल्यावर भरायचा असतो. ज्यांना भरायचा त्यांनी जरूर भरावा, पण त्याचा सराव शाळेच्या तासिकांतून काढू नका. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन दिवस, तासभर. सरांकडे दोन वर्ग असतील तर त्यांना गळ घालू नका, गावातली बारावी झालेली एखादी मुलगी आकृत्यांचा भाग सहज घेऊ शकते.